आधी तू खा

त्या वर्षी ढग लवकर यायला लागले. दुपार कलली की पश्चिमेकडून काळं काहीतरी वर चढायचं, डोक्यावर येऊन बसायचं आणि न पडता निघून जायचं. वीट थापणाऱ्याचा याच्याइतका छळ दुसरं काही करत नाही. पडायचं तर पड बाबा एकदाचा! पण नाही. पटांगणात कच्च्या विटा पसरलेल्या, त्यांना अजून ऊन हवं, आणि आम्ही तिघं मान वर करकरून काम करतोय.

तिघं म्हणजे आप्पा, मी आणि धाकटा. आप्पा आमचा बाप. गुडघे गेलेत, तोंड शाबूत आहे. धाकटा माझा पाठचा भाऊ. आई गेली तेव्हा तो एवढासा होता, मीच त्याला कडेवर घेऊन चिखल तुडवला. माझं लग्न झालं होतं, पण सासूचं नि माझं एक दिवस पटलं नाही, म्हणून मी आले परत. लोक म्हणतात, भावाच्या आजारापायी हिचा संसार मोडला. साफ खोटं. माझा संसार माझ्या जिभेनं मोडला, त्या पोराच्या माथी कशाला मारायचा?

त्याचं दुखणं मागच्या हंगामात सुरू झालं. भट्टी पेटलेली होती. हा धापा टाकत आला आणि म्हणाला, "ताई, आत माणसं आहेत. मला हाका मारतायत." मला वाटलं थट्टा करतोय. तेवढ्यात यानं पंपाचा पाइप ओढला आणि पेटत्या भट्टीवर पाणी सोडलं. आतल्या माणसांना वाचवायचं होतं त्याला. विटांची निम्मी रास तडकून गेली. ठेकेदाराच्या माणसांनी त्याला धरून पंपाच्या खांबाला बांधला, माझ्या डोळ्यांदेखत. तो ओरडत होता, "अरे, त्यांना तरी काढा!" ठेकेदार मला म्हणाला, "बाई, पुन्हा यानं भट्टीला हात लावला किंवा माझ्या मालाचं नुकसान झालं, तर खोली रिकामी करायची." भट्टीच्या कडेची ती एक खोली. पत्र्याची का असेना, आमच्या डोक्यावर तेवढंच छप्पर. ती गेली की धाकट्याला घेऊन जायचं कुठं? आप्पा तेव्हापासून एकच धोशा लावून बसलेला, "त्याला मोठ्या इस्पितळात सोडून येऊ. तिथं असल्यांना ठेवून घेतात."

"असल्यांना म्हणजे कसल्यांना?" मी विचारायची. "तुमचाच आहे ना तो?"

मग आप्पा तोंड फिरवून बिडी ओढायचा.

मोठ्या गावातल्या डॉक्टरकडे मीच नेला त्याला, गोड बोलून, दटावून, रस्त्यात चारदा माघारी वळलेला धरून. डॉक्टरनं गोळ्या दिल्या. माझ्यासमोर हा गोळी तोंडात टाकायचा, पाणी प्यायचा. मी म्हणायची, शहाणा माझा बाळ. आणि एक दिवस थापलेल्या विटेत पांढरं काहीतरी दिसलं म्हणून नखानं उकरलं, तर गोळी! जिभेखाली धरून चिखलात थुंकत होता. घराघराच्या भिंतींत त्याचं औषध गेलं असेल. मी हसले नि मग तिथंच उकिडवी बसून रडले.

तोवर त्यानं जेवणही टाकलं. आवाज त्याला सांगत होते, अन्नात विष आहे, बापानं घातलंय. पोराची बरगडी न् बरगडी दिसायला लागली. पुन्हा डॉक्टरकडे गेले, या खेपेला एकटी. त्यांनी थेंबांची बाटली दिली. म्हणाले, "कशातही घाला, चव लागत नाही. पण धरून ठेवा, मध्येच सोडू नका."

आता आमच्या धंद्याची एक रीत सांगायला हवी. थापणाऱ्याचे हात कोपरापर्यंत चिखलात असतात. तो हात धुऊन जेवायला उठला की कालवलेला चिखल घट्ट होतो, पुन्हा पाणी मारून तुडवावा लागतो. म्हणून थापणारा साच्यापाशी तसाच बसून राहतो आणि दुसरं कुणीतरी त्याला भरवतं. नवरा बायकोला भरवतो, सून सासऱ्याला भरवते, त्यात कुणाला लाज नाही. धाकट्याला मी लहानपणापासून भरवत आलेय. भात डाळीत कालवायचा, घास वळायचा, तोंडात द्यायचा. माझ्या हातचं तो खाईल, असा मला भरवसा होता.

पहिल्या दिवशी घास पुढे केला तर त्यानं ओठ घट्ट मिटले.

"आधी तू खा," म्हणाला.

मी खाल्ला. काय होतंय एका घासानं? त्यानं माझ्या गळ्याकडे बघितलं, घास खाली उतरेपर्यंत. मग तोंड उघडलं. दुसऱ्या घासाला पुन्हा तेच. "आधी तू." एक मला, एक त्याला, असं करत सगळं ताट संपलं. हात धुताना मला वाटलं, जमलं बाई! पोटात अन्न गेलं आणि औषधही गेलं.

ताटाच्या एका कडेला थेंब घालून बघितले, पण हा ताट फिरवायला सांगायचा. मी तोंडात धरून थुंकावं म्हटलं, तर बोलायला लावायचा. वेडा म्हणतात लोक त्याला! मला त्याच्याइतकं बारीक कुणी बघितलेलं नाही, नवऱ्यानं तर नाहीच.

तरी गुण आला. हळूहळू तो अंथरुणातून उठला. अंघोळ केली. एका सकाळी बघते तर पायानं चिखल तुडवतोय. मग साच्यापाशी बसला, साच्यात वाळू फिरवली, चिखलाचा गोळा उचलून आपटला आणि साचा उपटला. वीट अशी बसली की चारी कोपरे जागच्या जागी. आप्पा लांबून बघत होता. त्यानं धाकट्याच्या बाजूला पाण्याची बादली नेऊन ठेवली. त्या दिवसापुरतं इस्पितळाचं नाव निघालं नाही.

पण आवाज पुरते गेले नव्हते. मध्येच थांबून तो कान द्यायचा, पुटपुटायचा. मी विचार केला, जाणारच कसे? निम्मं औषध तर माझ्या पोटात जातंय! बरोबरच आहे. मग माझ्या डोक्यानं मार्ग काढला. थेंब दुप्पट केले. म्हणजे त्याच्या वाट्याला त्याचं पुरतं जाईल. माझ्या वाट्याला काय जाईल, याचा विचार मी केलाच नाही असं नाही. केला. म्हटलं, मी काय म्हैस आहे नुसती, मला काय होतंय!

झालं ते असं. आधी तोंडाला कोरड पडायला लागली, घोट घोट पाणी पिऊनही जीभ टाळूला चिकटायची. मग झोप. उभ्या उभ्या झोप. डोक्यावर घमेलं आणि डोळे मिटलेले. मग जबडा धरायला लागला, हातांना कंप सुटला. साचा उपटताना हात हलला की विटेची कड ढासळते. माझ्या दर ओळीत दोन-चार लंगड्या विटा दिसायला लागल्या. आप्पा ओरडला, "अगं, वीट थापतेस की शेण?" मी, जी एका शब्दाला चार परत देते, ती गप्प बसले. बोलायचा कंटाळा आला होता. रडायचाही आला होता. पाय आपोआप चालायचे, मी कुठेतरी मागेच राहिलेली असायची.

थांबवावं म्हटलं तर डॉक्टरचं बोलणं आठवायचं, मध्येच सोडू नका. आणि साच्यापाशी बसलेला धाकटा दिसायचा. पुन्हा तो खांबाला बांधलेला बघण्यापेक्षा मी बाटली प्यायले असते.

त्या दिवशी आप्पा भुशाची गाडी बघायला रस्त्यापर्यंत गेला होता. जेवण झालेलं. ढग चढत होते. मी प्लास्टिकचे कागद काढून ठेवले होते, पहिला गार वारा आला की पसरायचे. जरा टेकते म्हणून थप्पीच्या सावलीत बसले. बसले एवढंच आठवतंय.

जाग आली ती तोंडावर पाणी पडत होतं म्हणून. धाकट्यानं माझं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि तो माझ्या गालांवर चापट्या मारत होता. "ताई, ऊठ! ताई, ऊठ ना गं!" त्याचा आवाज फाटला होता. किती वेळ हाक मारत होता कुणास ठाऊक. मी उठून बसले. पाऊस पडत नव्हता, ओतत होता. पटांगणातल्या विटा बसत चालल्या होत्या. कडा गेल्या, मग कोपरे गेले, मग ओळीच गेल्या. कागद एका बाजूला घडी करून तसेच पडलेले. सगळा माल पुन्हा चिखल झाला होता. आणि हा पोरगा त्याकडे बघतही नव्हता. माझा हात घट्ट धरून बसला होता.

"तू उठत नव्हतीस," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "उठतच नव्हतीस."

पाऊस थांबल्यावर ठेकेदार आला. पँट वर दुमडून चिखलातून फिरला. सगळे मजूर गोळा झाले होते, त्यांच्यासमोर म्हणाला, "भाऊ वेडा, बहीण झोपाळू आणि म्हातारा लंगडा. मी भट्टी चालवतोय की धर्मशाळा?" कुणीतरी हसलं. आप्पानं हात जोडले. माझ्या बापाला मी कुणापुढे हात जोडताना बघितला नव्हता. ठेकेदार म्हणाला, "खरा पाऊस लागायच्या आत सगळा माल पुन्हा उभा करा. नाही झाला तर आवरा आणि चालू पडा."

तो गेल्यावर आप्पा माझ्याकडे वळला. मला वाटलं आता मारतो. पण तो एवढंच म्हणाला, "तुलाही लागलं की काय त्याचं?" आणि त्याच्या आवाजात भीती होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटा दिसेना. विहीर बघितली, रस्ता बघितला. सगळीकडे हाका मारत फिरले. आणि बघते तर वळणावरून हा येतोय, आणि मागून नर्सबाई, पिशवी सांभाळत, घामाघूम. मजुरांच्या पोरांना टोचायला येते ती. जो माणूस महिनोन्महिने परक्याशी बोललेला नाही, तो दवाखान्याच्या दारात जाऊन उभा राहिला होता आणि म्हणाला होता, माझ्या बहिणीला बघा.

नर्सबाईनं मला खोलीमागे नेलं. "हात पुढे कर. जीभ दाखव."

"मला काही धाड भरलेली नाही. बघायचं तर भावाला बघा."

"भावानंच आणलंय मला, तुझ्यासाठी. जबडा कधीपासून धरतो? झोप येते दिवसा? काय घेतेस तू?"

"मी काय घेणार? अन्न."

"बाई, हे अन्नानं होत नाही."

मी सांगितलं. कसं कोण जाणे, सगळंच सांगितलं. एक घास मला, एक घास त्याला, आणि थेंब दुप्पट. ती ऐकता ऐकता दगडावर बसली.

"म्हणजे त्याचं औषध तूही खातेस."

"आधी निम्मं खात होते."

"आणि आता पुरतं."

"पण त्याला पुरतं जातंय ना? हिशेब बरोबर आहे ना?"

"हिशेब बरोबर आहे गं, डोकं ठिकाणावर नाही!" ती ओरडली. मग एकदम खालच्या आवाजात तिनं विचारलं, "तुला कोण बघतं?"

मला प्रश्नच कळला नाही. "मला कशाला कुणी बघायला हवं?" असं म्हणायला तोंड उघडलं आणि रडू फुटलं. इतके दिवस सगळे विचारत होते, भाऊ कसा आहे, काय करतोय, बांधला का, मारतो का. मी कशी आहे हे त्या बाईनं पहिल्यांदा विचारलं. मी पदर तोंडात कोंबून रडले आणि ती माझ्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली. घड्याळाकडे बघितलं नाही तिनं.

मग म्हणाली, "उद्यापासून तुझ्या तोंडात एक घास जाता कामा नये त्यातला. थेंब डॉक्टरनी सांगितले तेवढेच. डॉक्टरला मी सगळं कळवते. आणि त्याला खरं सांग. चोरून दिलेलं कधीतरी कळतंच, मग तो तुझ्यावरही विश्वास ठेवणार नाही."

"सांगितलं आणि पळून गेला तर? पुन्हा जेवण टाकलं तर?"

"मला बोलव. मी येते. आणि बाजाराच्या दिवशी दवाखान्यात ये. तुझ्यासारख्या बसतात तिथं. कुणाचा मुलगा, कुणाचा नवरा."

"बसून करतात काय? रडतात?"

"रडतात. चहा पितात. भांडतातही."

"मग येईन," मी म्हटलं. खूप दिवसांनी माझं तोंड हसायला वळलं, पण जबडा दुखला.

दुसऱ्या दिवशी दुपार झाली. धाकटा साच्यापाशी बसलेला, हात चिखलात. वाहून गेलेलं सगळं पुन्हा उभं करायचं होतं, तो सकाळपासून मान वर न करता थापत होता. आप्पा पटांगणाच्या पलीकडच्या टोकाला माती चाळत होता. मी भात कालवला, थेंब घातले, समोर बसले. सांगायचं ठरवलं होतं. शब्द जुळवून ठेवले होते. घास वळला, पुढे केला.

"आधी तू खा."

"मला भूक नाही रे आज."

त्याचे हात साच्यावर थांबले. "एक घास."

"पोट दुखतंय."

"ताई, खा ना."

मी घास तोंडाशी नेला. खाल्ला असता तर तो दिवस निभावला असता. पण हात तिथंच थांबला, आणि त्यानं ते बघितलं.

"त्यात आहे," तो म्हणाला. ओरडला नाही.

"औषध आहे रे! डॉक्टरनं दिलेलं. आवाज कमी होतात ना तुझे? ते त्यानंच. विष नाही, देवाशपथ नाही."

"रोज होतं?"

"रोज."

"तू पण खात होतीस?"

"हो."

"का?"

"तू एकटा जेवत नव्हतास म्हणून."

तो बराच वेळ कान देऊन बसला. माझ्याकडे नाही, दुसरीकडेच. ओठ हलत होते. मला वाटलं आता उठेल, ताट उडवेल, रस्त्याकडे धावत सुटेल. मी त्याच्या सदऱ्याला धरायला हात तयार ठेवला होता.

"परवा तू उठत नव्हतीस," तो म्हणाला. "ते ह्यामुळे?"

मी खोटं बोलायला हवं होतं. पण आता खरंच सांगायचं ठरलं होतं ना! "हो," मी म्हटलं. "पण तो माझा मूर्खपणा. मला नको असलेलं औषध मी—"

त्यानं बादलीत हात बुडवले. कोपरापर्यंत नीट धुतले, नखं घासली. चिखल घट्ट होईल याची पर्वा केली नाही. मग माझ्या मांडीवरचं ताट ओढून आपल्यापुढे घेतलं.

"तू खायचं नाही," तो म्हणाला. "माझ्यासाठी आहे ते, मीच खातो. तुला कशाला मध्ये घेतलं त्यांनी?"

"अरे, कोणी? कुणी नाही रे! औषध आहे, बरं होण्यासाठी—"

"विषाला औषध म्हणायला लावलंय तुला, मला माहीत आहे. तू रडू नकोस." आणि तो जेवायला लागला. भराभरा नाही, नीट, एकेक घास चावून. माझ्या लहानग्या भावानं माझ्यासमोर बसून ते सगळं ताट संपवलं, बोटानं पुसून घेतलं, म्हणजे माझ्यासाठी काही उरायला नको. मी त्याचा हात धरला तर त्यानं हलकेच सोडवला.

मग तो उठला. आप्पाकडे गेला आणि म्हणाला, "साच्याला तेल लावा, कड सुटत चाललीय." खोलीत जाऊन आपली चादर आणली, थप्पीच्या सावलीत अंथरली आणि उताणा झोपला, हात छातीवर ठेवून. मी शेजारी बसले. "तुला काही होणार नाही," मी म्हणत होते, "तू संध्याकाळी उठशील, आपण थापायला बसू." तो माझ्याकडे बघून हसला, कुणी लहान मुलाची समजूत काढताना हसतं तसा. मग डोळे मिटले. मला किंचाळावंसं वाटत होतं. मी तिथं बसून त्याची छाती वर-खाली होताना बघत राहिले.

ऊन कललं तेव्हा तो उठला. आपल्या हातांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "आज नाही झालं," म्हणाला, आणि साच्यापाशी जाऊन बसला.

खरा पाऊस लागला तेव्हा पटांगण रिकामं होतं. माल उभा राहून भट्टीत गेला होता, निम्म्याहून जास्त विटा धाकट्यानं थापलेल्या. खोली राहिली. माझा जबडा सुटला, हात स्थिरावले. बाजाराच्या दिवशी मी दवाखान्यात जाते. डॉक्टर म्हणतात, चांगली सुधारणा आहे. नर्सबाई म्हणते, "बघ, खरं सांगितलं की घेतात." आप्पा सगळ्या भट्टीला सांगत सुटलाय, पोरगा आता आपणहून औषध घेतो.

घेतो. खरंच आपणहून घेतो. त्या बायकांच्यात बसून मी सगळं बोलते, एवढं सोडून. एकदाच नर्सबाईला सांगितलं, तर तिनं हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "कधीतरी समजेल त्याला. तोवर तू जवळ बस." आणखी काय सांगणार ती तरी!

रोज दुपारी तो हात स्वच्छ धुतो. ताट मी नेऊन ठेवते आणि तो मला चार हात लांब बसायला सांगतो. मी बसते. मग माझ्याकडे बघून तो म्हणतो, "जातो गं ताई."

"जातो म्हणू नये रे," मी म्हणते. "येतो म्हण."

माझं मन राखायला तो म्हणतो, "बरं, येतो," आणि पहिला घास उचलतो.